काँट्रा व्हिडिओ गेम परत खेळायचाय, डाउनलोड घेऊ का?

लहानपणी ९९९९ इन १ च्या कॅसेटवर काँट्रा खेळलोय, आता निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलवर २०१९ चं काँट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन दिसतंय, घ्यावं का? मजा तीच येते का?

— घे रे बिनधास्त. त्यात जपानी काँट्रा पण आहे, बर्फाच्या लेव्हलला खरंच बर्फ पडतो, आपल्या कॅसेटमध्ये कुठे होता! शिवाय कुठेही सेव्ह करता येतं, म्हणजे आई जेवायला हाक मारत असेल तरी टेन्शन नाही 😄

— सेव्ह करून खेळणं म्हणजे चीटिंग. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, ही बटणं दाबायची की ३० लाइफ, बास.

— ३० लाइफ चीटिंग नाही होय?? 😂 बाकी कॅसेट काढून फुंकर मारायची मजा डाउनलोडमध्ये नाही बाबा

— घेतलं! दुसऱ्याच लेव्हलला मेलो, पोरगी हसतीये