कार्तिकीनंतर नर्मदा परिक्रमा: दिवसाला किती चालणं जमतं?

गोदाकाठ:
नर्मदे हर मंडळी. माझं वय ५७, मिस्टर ६३. यंदा कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून खंड परिक्रमा उचलायचं ठरलंय, दक्षिण तटाने आठ-दहा दिवस आणि मग पुढच्या वर्षी जिथे थांबलो तिथून पुढे. घरी रोज ८ किमी चालतो पण ते डांबरी रोडवर आणि पाठीवर काही नसताना. दिवसाला किती किमी धरायचे? आणि संध्याकाळी मुक्कामाची सोय झाली नाही तर काय, याचीच जास्त धास्ती आहे कारण गारठ्यात मिस्टरांना दम लागतो. कोणी एखादा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो ते सांगाल का?

पायवाट:
ताई नर्मदे हर. आधी उजेडाचा हिशोब करा, किमी नंतर. त्या दिवसांत साडेसहाच्या पुढे उजाडतं आणि पावणेसहाला सूर्य बुडतो, त्यात स्नान, पूजा, दुपारचा स्वयंपाक धरला की हातात पाच-सहा तास चालणं उरतं, म्हणजे तुम्हाला १२ ते १५ किमी पुष्कळ झाले. ओंकारेश्वर ते मोरटक्का साधारण १२च आहे, पहिला दिवस तेवढाच ठेवा.

मोरटक्क्याच्या पुढचा माझा एक दिवस सांगतो. सकाळी निघालो तर मैयावर नुसती वाफ, पलीकडचा तट दिसतच नव्हता. काठाची काळी माती दवाने भिजलेली, बुटाला अशी थापली जात होती की दर पन्नास पावलांवर काठीने खरवडून काढायची आणि पुन्हा चालायचं. दोन्हीकडे कापूस फुटलेला. वेचणी करणाऱ्या एका आजींनी लांबूनच हाक मारली, "बाबाजी, चाय पी के जाओ", आणि शेताच्या बांधावर तीन दगडांवर चहा ठेवला. त्यांच्या बोटांना बोंडाचे ओरखडे होते, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले, आणि कप देताना त्याच माझ्या पाया पडल्या. मी गडबडून गेलो, डोळ्यात पाणी आलं. दुपारी एका आश्रमात सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा मिळाला, कणीक, डाळ, बटाटे, मीठ-मिरची, ते शिजवून खाऊन भांडी घासेपर्यंत दोन तास गेले. दिवस कलायला रावेरखेडी. थोरल्या बाजीरावांची समाधी तिथे आहे ना, २८ एप्रिल १७४० ला तिथेच गेले, वय अवघं ३९. मी मूळचा पुण्याचा, शनिवारवाड्यासमोरून हजारदा गेलोय पण तिथे त्या दगडी आवारात टेकलो तेव्हा खाली मैया वाहताना ऐकू येत होती आणि उठावंसंच वाटेना. रात्री सोबतच्या बाटलीतल्या मैयाची, म्हणजे नर्मदाजलाची, आरती केली आणि आठला झोप.

सांगलीकर:
वरचं सगळं पटलं, फक्त बुटांचं सांगतो. एक नंबर मोठे घ्या आणि आत्तापासून वापरा, नवे कोरे नेलेत तर तिसऱ्या दिवशी फोड आलेच. सॅक ६ किलोच्या वर नको. माझी ११ ची होती, चौथ्या दिवशी निम्मं सामान एका गावात वाटून टाकलं. आणि हो, मैया कायम उजव्या हाताला, ओलांडायची नाही. इंदूरहून बसने येताना मोरटक्क्याचा पूल लागतो तो चालतो, परिक्रमेचा संकल्प केल्यावर मात्र नाही.

निमाडची_सून:
गोदाकाठ ताई, माझं सासर याच वाटेवर आहे, आमच्या ओसरीवर दर वर्षी परिक्रमावासी उतरतात म्हणून हक्काने सांगते. चार वाजले की जे गाव येईल तिथे विचारायला लागा, "दो मूर्ति हैं, आसन लगेगा क्या?", म्हणजे दोघं आहोत, मुक्कामाला जागा मिळेल का. पुढचा आश्रम चांगला आहे असं कोणी सांगितलं तरी पुढे जाऊ नका. अंधारात दोघं वयस्कर माणसं दारात आली की आम्हालाच वाईट वाटतं, चूल विझलेली असते. मिस्टरांच्या दम्याचं आल्या आल्या सांगा, लाजू नका, ओसरीऐवजी आत जागा देतील. काठापेक्षा गावात ऊब असते. पंप दोन घ्या, एक सॅकमध्ये आणि एक त्यांच्या खिशात. तेवढं मैयेत साबण लावू नका, आम्ही तेच पाणी पितो.

गोदाकाठ:
सगळ्यांना मनापासून नर्मदे हर. निमाडच्या ताई, तुमचं मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते लगेच दुसरा पंप आणायला गेलेत. पायवाट दादा, त्या आजींचं शेत मोरटक्क्यानंतर साधारण कुठे होतं? भेटल्या तर तुमचा नमस्कार सांगीन.