मारधाड पाहून डोकं निवतं की तापतं?

रातराणी: 'मारधाडीचा सिनेमा बघितला की राग निघून जातो, मोकळं वाटतं' हे फार ऐकते. मला ते पटत नाही. पडद्यावर 'समाप्त' आलं म्हणून छातीतली धडधड लगेच थांबत नाही. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिलं, की आधी चिडवलेल्या माणसांना उत्तेजित करणारी चित्रफीत दाखवली की ती नंतर जास्त आक्रमक होतात. त्यात मारामारीपेक्षा शृंगारिक चित्रफितीचा परिणाम मोठा निघाला. म्हणजे भडका दृश्यातल्या रक्ताने नाही, शरीरात उरलेल्या उत्तेजनेने उडतो. शेवटचा खेळ सुटल्यावर मॉलचं पार्किंग बघा. एरवी शांत असणारा माणूस उतारावर हॉर्नवर हात दाबून बसतो, काच खाली करून सिक्युरिटीवाल्यावर डाफरतो.

डोंबिवलीकर: साफ असहमत. तो राग पार्किंगचाच आहे, लग्नाच्या हॉलबाहेरही हेच दिसतं. आणि झिलमनची माणसं आधीच चिडवलेली होती, हे तुम्हीच लिहिलंय. घरून हसतखेळत आलेल्या प्रेक्षकाला ते का लावता? गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाव्हिन्या या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतली १९९५ ते २००४ ची आकडेवारी तपासली. हिंसक सिनेमांना गर्दी असते त्या दिवशी संध्याकाळी आणि रात्री हिंसक गुन्हे घटतात, असं त्यात निघालं.

रातराणी: घटतात, कारण तापट पोरं तेवढा वेळ बारऐवजी खुर्चीत असतात आणि दारू पोटात जात नाही. डाल आणि डेलाव्हिन्या यांनीही कारण हेच दिलंय. राग निवला असं त्यातून कुठे निघतं?

स्थायीभाव: तुम्ही दोघंही धडधड आणि राग एकाच मापाने मोजताय. भयपटात नायिका अंधाऱ्या खोलीचं दार ढकलते, तेव्हा आपलं सगळं लक्ष तिथे खिळतं आणि नाडी क्षणभर मंदावते. दणका झाला की ती उसळते. नेदरलँड्समध्ये लायडनच्या संशोधकांनी २४ निरोगी माणसांना भयपट आणि माहितीपट दोन्ही दाखवले. भयपटानंतर रक्त गोठायला मदत करणारा 'फॅक्टर ८' वाढला. शरीर जखमेच्या तयारीला लागलं, भांडणाच्या नव्हे. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने भय आणि क्रोध हे वेगवेगळे स्थायीभाव, म्हणजे मनातले मूळ भाव मानले, त्यांचे रसही वेगळे, ते उगाच नाही. राग येतो अन्याय बघून. आमची आई मारधाडीत खुशाल डुलक्या काढते. पण सिनेमातल्या सासूने सुनेपुढचं ताट ओढलं, की 'मेली, तुझ्या हाताला काही होत कसं नाही' असं टीव्हीलाच सुनावते! त्या दृश्यात ना ढोल ना स्फोट.

डोंबिवलीकर: हे पटलं. मग कौटुंबिक सिनेमालाही धोक्याची पाटी लावायची का? माझा मुद्दा तोच आहे, ॲक्शनच्या चाहत्याला भडकू ठरवू नका.

रातराणी: चाहत्याला नाहीच ठरवत. भांडून आलेल्या माणसाला 'जा, मारामारीचा सिनेमा बघ, डोकं शांत होईल' हा सल्ला देऊ नका, एवढंच म्हणतेय. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमनच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा जास्त भरला. पडद्यावरच्या खलनायकात आपला साहेब दिसायला लागला, तर तसंच होणार.

डोंबिवलीकर: बॅगवर हात चालतो, खुर्चीत नाही. हा पुरावा सिनेमाला लागू होत नाही. मी अजूनही असहमत.