वेबसाइटची टायटलं कॅपिटल केली आणि गूगलवरून येणारे लोक घटले, कारण हेच असेल का?

इतवारीचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत आमच्या काकांचं दुकान आहे, संत्रा बर्फी आणि सावजी मसाला. वेबसाइट मी पाहतो, म्हणजे मी काही या लाइनचा नाही, बीकॉम झालो आणि गल्ल्यावर बसतो, मोबाइलवर पाहून पाहून जेवढं शिकता आलं तेवढं शिकलो. साइट साधी एचटीएमएलची आहे, १४ पानं, कॉलेजातल्या एका मित्राने बनवून दिली होती. पुण्या-मुंबईची, बंगलोरची गिऱ्हाइकं इंग्रजीतच शोधतात म्हणून टायटलं, म्हणजे गूगलमध्ये पानाचं जे नाव दिसते ते, पण इंग्रजीत, आणि सगळी स्मॉलमध्ये, फक्त पहिलं अक्षर कॅपिटल.

तर दिवाळीच्या दोनेक आठवडे आधी एक एसईओवाला, म्हणजे साइट गूगलमध्ये वर आणून देतो म्हणणारा, दुकानात आला. म्हणाला तुमची टायटलं स्मॉलमध्ये आहेत म्हणून गूगल तुम्हाला वर आणून नाही राहिलं, सगळं कॅपिटल केलं की वजन पडते. पैसे घेतले आणि दोन दिवसांत सगळ्या पानांची टायटलं पूर्ण कॅपिटल करून दिली. दिवाळीत गर्दी होती, ऑर्डरी पण आल्या, माझं तिकडे लक्षच नाही. दिवाळी संपली आणि सर्च कन्सोलमधली, म्हणजे गूगलवरून किती लोक आले ते दाखवणाऱ्या गूगलच्याच पानावरची, रेषा जी खाली आली ती आजपर्यंत उठून नाही राहिली, दीड महिना झाला. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत दरवर्षी बाहेरगावचे लोक साइट पाहून फोन करायचे, बर्फी कुठे मिळते म्हणून, यंदा फोन पण मोजकेच. काका रोज विचारतात काय झालं रे बाबा, मले काही सांगता येत नाही.

गूगल कॅपिटल आणि स्मॉल वेगवेगळं धरते का? जुनी टायटलं परत टाकली तर लोक परत येतील? की दरेक शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं कॅपिटल ठेवू?

सर्व्हरवाला_सदर

भाऊ, पहिले थेट उत्तर घ्या. नाही. जुळवणी करताना गूगल कॅपिटल-स्मॉल असा भेद करत नाही. ऑरेंज बर्फी हे शब्द इंग्रजीत एकदा स्मॉलमध्ये टाकून पाहा, एकदा कॅप्स लॉक लावून टाका, गूगलच्या लेखी दोन्ही एकच शोध. कॉम्प्युटरला कॅपिटल ए म्हणजे ६५ आणि स्मॉल ए म्हणजे ९७, पुढच्या सगळ्या अक्षरांत पण बरोबर ३२ चाच फरक, त्यामुळे ही दोन रूपं एका साच्यात आणणं मशीनला अगदी सोपं आहे आणि शोधयंत्रं ते आधीच करून ठेवतात. एकच जागा अशी आहे जिथे शोधणाऱ्याला कॅपिटल लागते, दोन शब्दांमध्ये 'ऑर' टाकून हे नाहीतर ते असं शोधायचं असेल तर तो ऑर कॅपिटलच हवा, नाहीतर तो साधा शब्द धरला जातो. तुमच्या टायटलशी त्याचा काही संबंध नाही.

पण तुमचे लोक कमी झाले हे तर खरंच आहे ना. मग त्या माणसाने टायटलसोबत आणखी कशाला हात लावला ते शोधा. मला शंका पानांच्या लिंकची आहे. टायटलमध्ये कॅपिटल-स्मॉल चालून जाते, लिंकमध्ये नाही चालत. डॉट कॉमपर्यंतचा भाग कसाही लिहा, तो चालतो, पण त्याच्या पुढच्या स्लॅशनंतर जे येते तिथे कॅपिटल ओ वाली लिंक आणि स्मॉल ओ वाली लिंक ही गूगलसाठी दोन वेगळी पानं असतात. आणि तुमचा सर्व्हर लिनक्सचा असेल, बहुतेक स्वस्त होस्टिंग लिनक्सचंच असते, तर तिथे फाइल पण दोन वेगळ्या. त्याने टायटलसोबत फाइलींची नावं पण कॅपिटल केली असतील तर जुन्या लिंकवर आता काहीच नसेल.

सर्च कन्सोलमध्ये पेज इंडेक्सिंग नावाचा रिपोर्ट आहे, तिथे ४०४, म्हणजे पान सापडत नाही, याच्या खाली काय काय दिसते ते पाहा आणि इथे सांगा. तोपर्यंत टायटलला हात लावू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळायचंच नाही.

लेखणी_धरमपेठ

वरच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर. मी दुकानांसाठी, हॉटेलांसाठी मजकूर लिहिते म्हणून दुसरी बाजू सांगते. मशीनला फरक पडत नाही पण वाचणाऱ्या माणसाला पडतो, आणि क्लिक तर माणूसच करतो. पूर्ण कॅपिटल टायटल म्हणजे बर्डीच्या फुटपाथवर कोणी कानाजवळ येऊन सेल सेल ओरडावं तसं वाटतं, मिठाई घेणारा माणूस त्याला बिचकतो. शिवाय कॅपिटल अक्षरं रुंद असतात. गूगल टायटल अक्षरं मोजून कापत नाही, जागेच्या रुंदीवर कापतं, कॉम्प्युटरवर साधारण ६०० पिक्सेलच्या आसपास. जे टायटल स्मॉलमध्ये पूर्ण मावत होतं तेच कॅपिटल केलं की शेवटचे दोन शब्द तीन टिंबांच्या आड जातात. तुमच्या टायटलच्या शेवटी घरपोच मिळेल किंवा नागपूर असं काही असेल तर नेमकं तेच गेलं.

दरेक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल की फक्त पहिल्या शब्दाचं, यात मी काही भांडणार नाही, दोन्ही वाचायला ठीक आहेत, एकच पद्धत धरून सगळ्या पानांना लावा. आणि तुम्ही दिलेलं टायटलच दिसेल असं पण नाही बरं का. २०२१ च्या ऑगस्टमध्ये गूगलने टायटल दाखवायची पद्धत बदलली, पानावरचं मोठं हेडिंग वगैरे पाहून ते कधी कधी स्वतःचं टायटल लावतं. तेव्हा बराच गोंधळ झाला होता, मग सप्टेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की सुमारे ८७ टक्के वेळा साइटवाल्याचंच टायटल वापरतो. म्हणून टायटल आणि आतलं हेडिंग यांचा मेळ ठेवा.

कॅपिटलपेक्षा शब्दांकडे पाहा असं मला मनापासून वाटतं. सावजी हा शब्द इंग्रजीत कोणी ओ टाकून लिहितं कोणी व्ही टाकून, तुमच्या पानावर कोणता आहे? मराठी पान असेल तर आपण नागपूर दीर्घ लिहितो, हिंदीवाला नागपुर ऱ्हस्व लिहितो, आणि आपल्या शहरात दोन्ही भाषांतून शोधणारे आहेत. आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाही म्हणून आपण सुटलो असंही नाही, ॲप या शब्दातला ॲ तीन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला जवळपास सारखा, आतून वेगळा. ऱ्हस्व-दीर्घ, संत्रा बर्फी की संत्र्याची बर्फी, हे सगळं सर्च कन्सोलमध्ये वेगवेगळ्या ओळीत येतं, तिथे अर्धा तास बसून वाचा, गिऱ्हाईक काय म्हणून आपल्याला शोधून राहिलं ते त्याच्याच शब्दांत कळतं.

बहार_काटोल

मी संत्र्याच्या कलमांची नर्सरी चालवतो. वर दोघं म्हणून राहिले फरक पडत नाही, पण माझा अनुभव उलटा आहे. मी मागच्या मे महिन्यात सगळी टायटलं बदलून दरेक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं आणि जूनमध्ये क्लिक दुप्पट झाले. हे काय आपोआप झालं का? मी तर सगळ्यांना हेच करायला सांगतो.

लेखणी_धरमपेठ

दादा, तुमचे आकडे खोटे आहेत असं मी नाही म्हणत. पण जूनमध्ये पाऊस पडला की लोक कलमं लावायला घेतात, कलमं शोधणारे त्याच महिन्यात वाढणार, टायटल कसंही असो. मे आणि जून शेजारी ठेवू नका, मागच्या वर्षीचा जून आणि यंदाचा जून ठेवा, सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचाच हिशोब राहतो, मागच्या वर्षीचा जून त्यात आता नसेल, आधी कुठे उतरवून ठेवला असेल तर तो पाहा. दुसरं, त्या वेळी टायटलमध्ये फक्त अक्षरं बदलली की एखादा शब्द पण घातला? खरं आठवून सांगा.

बहार_काटोल

शब्द घातले होते ताई. आधी नुसतं नर्सरीचं नाव होतं. मग नागपुरी संत्रा कलम आणि जंबेरी खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते, असं घातलं, कारण शेतकरी फोनवर पहिले हेच विचारतो, खुंट कोणता, जंबेरी की रंगपूर.

लेखणी_धरमपेठ

मग दादा तुमचं काम त्या शब्दांनी केलं. शेतकरी ज्याला पैसे मोजतो ते टायटलमध्ये आलं, आधी ते तिथे नव्हतंच. फार चांगलं टायटल आहे ते, तसंच राहू द्या.

पोट्टेभाऊ, हेच तुम्हालाही लागू आहे. दिवाळीनंतर मिठाईची मागणी उतरतेच, तेवढी उतरण धरून चाला. आणि मागच्या वर्षाशी ताडताना तारखेला तारीख लावू नका, दिवाळी दरवर्षी सरकते, लक्ष्मीपूजनापासून दिवस मोजा. लक्ष्मीपूजनानंतरचा तिसरा आठवडा यंदाचा आणि तिसरा आठवडा मागचा, असं. पण तुम्ही म्हणता अधिवेशनात पण फोन आले नाहीत, आणि आता तर कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री भरभरून येऊन राहिली, या दिवसांत तुमचं पान वर जायला पाहिजे. म्हणून मला पण सर्व्हरवाल्या भाऊंचंच पटतं, दुसरं काहीतरी तुटलेलं आहे.

इतवारीचा_पोट्टा

सापडलं. कालपासून यातच बसलो होतो.

४०४ च्या खाली ९ लिंका होत्या, सगळ्या आमच्याच जुन्या, स्मॉल अक्षरातल्या. फाइल मॅनेजर उघडून पाहिलं तर १४ पैकी ९ फाइलींची नावं बदलली होती, ऑरेंजचा ओ कॅपिटल, बर्फीचा बी कॅपिटल. बाकीची ५ जशीच्या तशी होती म्हणून तर साइट चालू दिसत होती, होमपेज उघडते, संपर्काचं पान उघडते, मी तेवढंच पाहायचो. त्या एसईओवाल्याला फोन केला, तो म्हणतो माझ्या लॅपटॉपवर सगळी पानं उघडत होती. खोटं नाही बोलला तो, त्याने मला व्हिडिओ पाठवला, खरंच उघडत होती.

पण सगळ्यात वाईट काय झालं ते सांगतो. आमच्या अर्धा किलोच्या डब्याच्या झाकणावर क्यूआर कोड आहे, तो बर्फीच्या पानावर नेतो, तिथून लोक परत ऑर्डर देतात. काल संध्याकाळी काउंटरवरचाच डबा उचलून स्कॅन केला तर पांढरं पान, नॉट फाउंड. दिवाळीत जेवढे डबे गेले त्या सगळ्या घरांत हेच दिसलं असेल, कोणी आजीला पाठवला, कोणी ऑफिसात वाटला, आणि त्यांनी स्कॅन करून पाहिलं आणि सोडून दिलं. मले रात्री झोप नाही आली. काकांना अजून सांगितलं नाही.

आता काय करू? नवीन कॅपिटल लिंका पण गूगलमध्ये आल्या आहेत थोड्याफार.

सर्व्हरवाला_सदर

लॅपटॉपवर उघडत होती कारण विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चालून जाते, दोन्हीला तो एकच फाइल समजतो. लिनक्स नाही समजत. हा घोळ मी चांगल्या चांगल्या पोरांकडून होताना पाहिला आहे, चढवल्यावर साइटवर जाऊन दरेक लिंक दाबून पाहायची असते, ते राहून जाते.

मन खाऊ नका, हे दुरुस्त होण्यासारखं आहे. पहिलं काम, फाइलींची नावं परत जुनी करा, पूर्ण स्मॉल. डब्यावर छापलेली लिंक तीच आहे, लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली पण तीच, गूगलला अनेक वर्षांपासून माहीत असलेली पण तीच, म्हणून नवीनकडे जाण्यात काहीच अर्थ नाही. मग ज्या ९ कॅपिटल लिंका दोनेक महिने चालल्या त्यांच्यावरून स्मॉलकडे ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे ती लिंक उघडणारा कायमचा आपोआप स्मॉलवाल्या पानावर जाईल, अपाची सर्व्हर असेल तर एचटीॲक्सेस नावाच्या सर्व्हरच्या सूचनांच्या फाइलमध्ये ९ ओळी. सगळ्या होमपेजकडे लावायला जाऊ नका, बर्फीची लिंक बर्फीच्याच पानावर गेली पाहिजे, सगळं होमपेजवर ढकललं की गूगल त्याला बिनकामाचं धरते. मेनूमधल्या, पानांच्या आतल्या लिंका त्याने कॅपिटल केल्या असतील त्या पण बदला, साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, पाहा, पानात कॅनॉनिकल टॅग, म्हणजे खरी लिंक कोणती ते गूगलला सांगणारी ओळ, असेल तर तो पण. गूगलला कुठे यायचं नाही ते सांगणाऱ्या रोबोट्सच्या फाइलमध्ये काही अडवलं असेल तर तिथेही कॅपिटल-स्मॉल मोजलं जाते. पुढे ही रीडायरेक्ट काढू नका, निदान एक वर्ष तर ठेवाच, खर्च काही नाही.

मग सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत एकेक जुनी लिंक टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे ते पान गूगलच्या यादीत घ्यायची, विनंती करा, बर्फीचं पान पहिले. एका रात्रीत होणार नाही, काही आठवडे धरा. टायटल सगळ्यात शेवटी बदला, आणि बदलाल तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवा.

काकांना आजच सांगा. डब्यावरचा कोड परत चालू झाल्यावर स्वतः त्यांच्या हातून स्कॅन करवा.

इतवारीचा_पोट्टा

केलं भाऊ. काल रात्री नावं बदलली, ९ रीडायरेक्ट लावले, मित्राला फोनवर घेऊन एकेक लिंक दोघांनी दाबून पाहिली, तो पुण्याहून आणि मी इथून. मसाल्याच्या पानावरच्या फोटोची पण लिंक तुटली होती, तिचं एक्स्टेन्शन कॅपिटल जेपीजी करून ठेवलं होतं, ती पण सापडली.

टायटल आत्ता तसंच आहे, बर्फीचं पान गूगलमध्ये परत आलं की बदलतो, ताईंनी सांगितलं तसं स्मॉलमध्ये, आणि सावजीचं स्पेलिंग ओ वालं जास्त लोक टाकून राहिले हे पण यादीत दिसलं, आमच्या पानावर व्ही वालं आहे, ते बदलायचं आहे.

सकाळी काकांना सगळं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच डबा घेतला, चष्मा लावला, स्कॅन केला, पान उघडलं. म्हणाले, बॉक्सवाल्याला नवीन कोड देऊ नको, हाच राहू दे.