मदत हवी आहे: लीड भरपूर, प्रवेश एकही नाही, वर व्हॉट्सॲप नंबर बंद (तातडीचं)

करवीर_७७ | २४ जून, सकाळी १०:१२
परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शनाचं काम आहे, ऑफिस कोल्हापुरात. पाच आठवडे फेसबुक-इन्स्टावर फॉर्मवाली जाहिरात चालू आहे. रोज ३०-४० लीड (इच्छुकांचे नाव-नंबर) येतात. फोन केला तर निम्मे उचलत नाहीत आणि उचलणारे बरेच जण म्हणतात, "मी कुठलाच फॉर्म भरलेला नाही." म्हणून सगळ्यांना एकदम व्हॉट्सॲपवर माहितीपत्रक पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी नंबर बंद. चांगलं सीआरएम (लीड सांभाळायचं सॉफ्टवेअर) कुठलं आणि नवीन नंबर घ्यावा का, एवढंच सांगा. इन्टेक (प्रवेशाचा हंगाम) तोंडावर आहे, वेळ नाही.

सुगी | १०:३१
देश कुठला? जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं टाका. फॉर्ममध्ये काय काय विचारताय? लीड आल्यावर पहिला फोन किती वेळाने जातो? हे कळल्याशिवाय सीआरएमचं नाव सांगून काहीच होणार नाही.

निळी_शाई | १०:४०
फेसबुक बंद करा आणि तो पैसा गुगल सर्चवर लावा. रील बघताना फॉर्मवर बोट टेकवणारा वेगळा आणि "एपीएस सर्टिफिकेट कसं काढायचं" असं रात्री बसून शोधणारा वेगळा (समजा देश जर्मनी असेल तर; एपीएस म्हणजे तिथे लागणारा, शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला). फ्रेज मॅच (शोधात तुमच्या शब्दसमूहाचा अर्थ असेल तरच जाहिरात दिसते) ठेवा. निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शोधांना जाहिरात दिसू नये ते शब्द) जॉब, नोकरी, वर्क परमिट, टुरिस्ट, आउसबिल्डुंग (जर्मनीतलं कामासह प्रशिक्षण) हे पहिल्या दिवशीच टाका, नाहीतर निम्मं बजेट नोकरी शोधणाऱ्यांवर जातं. सर्च टर्म्सचा (लोकांनी काय शोधलं त्याचा) रिपोर्ट रोज बघायचा.

करवीर_७७ | ११:०५
देश जर्मनी, इथे सध्या तोच विचारतात सगळे. वाक्य असं आहे: "जर्मनीत १००% मोफत शिक्षण! ऑक्टोबर इन्टेक, मर्यादित जागा." फॉर्म "मोअर व्हॉल्यूम"चा, त्यात नाव, फोन, ईमेल. वय १७ ते ३०, पूर्ण महाराष्ट्र. फोन दुसऱ्या दिवशी जातो, दोघी जणी आहेत फोनवर. पण माझा प्रश्न सीआरएमचा आहे.

सुगी | ११:५२
दादा, तुमची अडचण सीआरएमच्या आधीच सुरू होते.

"मोअर व्हॉल्यूम" फॉर्ममध्ये नाव, नंबर, ईमेल प्रोफाइलमधून आपोआप भरून येतं. समोरचा दोनदा टॅप करतो, लीड तयार. प्रोफाइलमधला नंबर कित्येकदा चार वर्षांपूर्वीच्या सिमचा असतो. "मी भरलंच नाही" म्हणणारे खोटं बोलत नाहीत, त्यांना आठवतच नाही. "हायर इंटेंट" निवडा, त्यात पाठवण्याआधी सगळं एकदा तपासून घेण्याचा टप्पा येतो. एसएमएसने नंबर पडताळायचा पर्याय तुमच्या खात्यात दिसत असेल तर चालू करा. शिवाय निदान एक उत्तर हाताने टाइप करावं लागेल असं ठेवा: "कुठल्या शाखेची पदवी, कुठलं विद्यापीठ?" लीड कमी होतील, होऊ द्या. दोघींना रोज ४० लोकांशी नीट बोलणं शक्यही नाही.

आणखी दोन प्रश्न पर्याय देऊन विचारा. कधी जायचंय? खर्चाची सोय कशी: स्वतःची, कर्ज, अजून ठरलं नाही? उत्पन्न किंवा बँक खात्याबद्दल विचारू नका, फेसबुकच्या परवानगीशिवाय ते चालत नाही आणि फॉर्म नाकारला जातो.

आता जाहिरातीचं वाक्य. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही हे खरं. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतं. म्हणजे "१००%" खोटं ठरतं. त्याहून मोठी गोष्ट ब्लॉक्ड अकाउंटची (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं). वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२, व्हिसाच्या आधी दाखवावे लागतात. "मोफत" वाचून आलेल्या पोराला हा आकडा फोनवर पहिल्यांदा कळला की तो पुढचा फोन उचलत नाही. आकडा जाहिरातीतच लिहा. तो वाचून जे फॉर्म भरतील तेच तुमचे विद्यार्थी.

आणि ऑक्टोबर? हिवाळी सेमिस्टरची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, काही ठिकाणी त्याच्याही आधी. आज २४ जून. एपीएस हातात नसलेल्याला या ऑक्टोबरचं स्वप्न दाखवू नका. भारतीय विद्यार्थ्यांना ते १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे आणि त्याला आठवडे लागतात. तुमचं खरं काम आता उन्हाळी सेमिस्टरचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी १५ जानेवारी, आणि पुढच्या हिवाळ्याचं.

दख्खनचा_राजा | १२:२०
नंबरचं मी सांगतो. पाच सिम घ्या, बल्क पाठवायचं टूल घ्या, प्रत्येक नंबरवरून दिवसाला शंभर पाठवा. चालतं.

अनुस्वार | १२:४४
चालतं, तोवर चालतं. लोक "ब्लॉक" आणि "रिपोर्ट" दाबतात, म्हणून नंबर जातो. पाच नंबरांनी तेच पाच वेळा होईल, आणि ज्या विद्यार्थ्याशी महिनाभर बोलणं झालं त्याचं चॅटही त्या नंबरबरोबर जाईल. असली बल्क टूलं व्हॉट्सॲपच्या अटींविरुद्ध आहेत.

करवीर, साध्या बिझनेस ॲपवर एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ लोक बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. मोठं काम असेल तर अधिकृत एपीआय (मोठ्या व्यवसायांसाठीची व्हॉट्सॲपची सेवा) घ्या. त्याची शिस्त अशी: विद्यार्थ्याने मेसेज केला की २४ तास तुम्ही मोकळेपणाने लिहू शकता. नंतर फक्त मंजूर टेम्प्लेट (व्हॉट्सॲपने आधी पास केलेला ठरावीक मजकूर), आणि त्यात मार्केटिंगचं महाग पडतं. नव्या खात्यावर आपणहून पाठवायचं तर सुरुवातीला २४ तासांत २५० लोकांपर्यंतच.

त्यापेक्षा जाहिरातच "क्लिक टू व्हॉट्सॲप" ठेवा. पहिला मेसेज विद्यार्थी करतो, त्यामुळे रिपोर्टची भीती कमी. तुम्ही २४ तासांत उत्तर दिलं तर ७२ तासांपर्यंत मेसेजचे पैसे लागत नाहीत. पहिलं उत्तर मात्र माणसाचं आणि विद्यार्थ्याच्या भाषेत हवं, पीडीएफ नको. "पदवी कशात? कितवं वर्ष?" इतकंच विचारा.

दख्खनचा_राजा | १:०२
हे सगळं ठीक, पण सरकारी विद्यापीठं कमिशन देत नाहीत. दोघींचा पगार कुठून काढणार? खासगी विद्यापीठं धरा. प्रवेश वर्षातून बऱ्याचदा, कमिशनही मिळतं.

सुगी | १:१५
खासगी धरायला कोणाची ना नाही. पण "मोफत" म्हणून बोलवायचं आणि खासगीची फी गळ्यात मारायची, ही फसवणूक आहे. पैसे कोणाकडून घेताय ते पहिल्याच भेटीत लेखी द्या: विद्यार्थ्याकडून ठरलेली फी, की विद्यापीठाकडून कमिशन. सरकारी विद्यापीठांसाठी कागदपत्रं, एसओपी (का शिकायचंय ते सांगणारं पत्र), युनि-असिस्टचा (परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी जर्मन संस्था) अर्ज यांची फी घ्या. युनि-असिस्टचे पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो, ते वेगळे दाखवा. डीएएडीच्या (जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या) संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची यादी फुकट आहे हेही सांगा. ते ऐकूनही जो फी देतो तो चार मित्र घेऊन येतो.

चुकीचा सल्ला आता जास्त महाग पडतो. १ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर फेरविचाराचा अर्ज करता येत नाही. नव्याने अर्ज, नाहीतर कोर्ट.

माईसाहेब_सातारा | २:३०
नमस्कार, मी पालक आहे. मुलीसाठी बाहेर पैसे पाठवताना टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापतात म्हणे. कर्ज काढलं तरी कापतात का?

निळी_शाई | २:४१
ताई, १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर त्यावरही नाही, पैसे पाठवताना बँकेत कर्जाचं मंजुरीपत्र द्या. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचाराल का? हा जाहिरातीचा आहे.

करवीर_७७ | रात्री ८:५०
फॉर्म बदलतोय. नवीन वाक्य: "जर्मनीत मास्टर्स, पुढच्या वर्षी. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो दाखवावे लागतात. एपीएसपासून सुरुवात कशी करायची ते बोलूया." चालेल का? आणि सीआरएम अजून राहिलंच.

अनुस्वार | ९:१४
वाक्य चांगलं आहे. वय १८ च्या वर न्या. मास्टर्सला १७ वर्षांचा कोणी नाहीच, शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. बारावीवाल्यांसाठी जाहिरात पालकांना दाखवा. त्यांना बारावीवर थेट पदवीप्रवेश साधारणपणे मिळत नाही, त्यामुळे त्यांचं बोलणंच वेगळं होतं.

सीआरएम कुठलंही घ्या, दोन गोष्टी बघून. एक, लीड आपोआप आत यावी. मेटावरून (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) ती ९० दिवसच उतरवता येते आणि हाताने उतरवण्यात तुमचा एक दिवस जातोय, फोन उशिरा जाण्याचं कारणही तेच असणार. दोन, लीडचं पुढे काय झालं ते मेटाला परत कळवता यावं. "फोन लागला, गुणपत्रक पाठवलं, फी भरली" हे टप्पे कन्व्हर्जन्स एपीआयने (सीआरएममधून मेटाला माहिती पाठवणारी जोडणी) परत गेले की जाहिरात गुणपत्रक पाठवणाऱ्यांसारखी माणसं शोधते. त्यासाठी टप्पा २८ दिवसांत घडणारा निवडा. "व्हिसा मिळाला" निवडलंत तर सहा महिने काहीच शिकणार नाही.

सुगी | ९:३०
दोघींपैकी एकीला सकाळी ११ ते रात्री ८ अशी वेळ द्या. कॉलेजची मुलं संध्याकाळी फॉर्म भरतात, आलेली लीड पंधरा मिनिटांत घ्यायची. जुन्या हजारभर लीडना फोन करत बसू नका. ज्यांनी उचलला होता तेवढ्यांना रविवारी ११ वाजता यूट्यूब लाइव्हला बोलवा, विषय फक्त एपीएसचे कागद. रविवारी आईवडीलही घरी असतात, आणि ब्लॉक्ड अकाउंटचा निर्णय त्यांचाच असतो.