डिझेल गाडीला वेगळा हीटर बसवावा का?

प्रश्न: माझी डिझेल गाडी तापायला फार वेळ घेते. काटा हलेपर्यंत ऑफिस येतं, काचेवरचं धुकं तसंच. वेगळा हीटर बसवता येईल का?

उत्तर: आधी थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिनात फिरणारा थंडाव्याचा द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप लगेच कोमट लागला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.

उत्तर: तो ठीक असेल तर डिझेलवर चालणारा, कूलंट तापवणारा हीटर घ्या. इलेक्ट्रिक नको, १ किलोवॉटलाच १२ व्होल्टवर ८०हून जास्त अँपिअर लागतात. धुराची नळी मात्र केबिनमध्ये हवा घेणाऱ्या जाळीपासून लांब काढा. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, म्हणून कळकळीने सांगतोय. बंद गॅरेजमध्ये तर हीटर लावूच नका.

प्रश्नकर्ता: पाइप खरंच लगेच कोमट होतोय! आधी थर्मोस्टॅट बदलतो.