मदत हवी आहे: ‘रु. ३८.५०’ चे ०.३८ होतात (जावास्क्रिप्ट)

नमस्कार मंडळी,

गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी छोटं वेब ॲप करतोय. दर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) मोबाइलवर भरतात. आकडे कधी देवनागरी, कधी इंग्रजी, कधी एकाच रकान्यात दोन्ही. वर स्वल्पविराम आणि ‘रु.’.

पार्सफ्लोटला (मजकुरातून संख्या काढणारं फंक्शन) देवनागरी आकडे दिले की नॅन (म्हणजे ‘संख्या नाही’) येतं. ते परवडलं, निदान चूक दिसते. म्हणून आधी आकडे इंग्रजीत बदलतो (युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो, देवनागरी शून्याचा २४०६, आकड्याच्या क्रमांकातून तो वजा केला की झालं) आणि आकडे व टिंब सोडून बाकी सगळं उडवतो. पण ‘रु’ गेलं तरी त्याचं टिंब मागे राहतं. उरतं ‘.३८.५०’, आणि पार्सफ्लोट दुसऱ्या टिंबाशी थांबून ०.३८ देतं. अडतीस रुपयांचा दर अडतीस पैसे! एररही नाही. दहा दिवसांचं बिल याच दरावर निघतं, शेतकऱ्याच्या घामाचे पैसे आहेत. त्याऐवजी नंबर हे फंक्शन (पूर्ण मजकूर संख्या असेल तरच घेतं) वापरलं तर इथे नॅन येतं, पण रिकाम्या रकान्याचं ते शून्य करतं.

टूलोकेलस्ट्रिंग (संख्या भाषेनुसार लिहून देणारं फंक्शन) ‘एमआर-आयएन’ (मराठी, भारत) दिल्यावर सव्वा लाखाचं ‘१,२५,०००’ छान करून देतं. याच्या उलट करणारं काही आहे का?

प्रतिसाद १
तयार काही नाही, नंबरफॉरमॅट फक्त संख्येचा मजकूर करतं. नको ते उडवण्यापेक्षा हवं तेवढंच स्वीकारा. आकडे बदला, सुरुवातीचं ‘रु.’ किंवा ‘₹’ टिंबासकट काढा, स्वल्पविराम काढा. मग पूर्ण मजकूर तपासा: आकडे, हवं तर एकच टिंब, पुढे एक-दोन आकडे. बसला तरच नंबर. नाहीतर रकाना लाल करून पुन्हा भरायला लावा. रिकामा रकाना तिथेच अडतो.

प्रतिसाद २
सहमत. पण पैसे दशांशात ठेवू नका. जावास्क्रिप्टमध्ये ४.३५ गुणिले १०० केलं तर ४३५ येत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं, फ्लोअर (टिंबापुढचं टाकून देणारं फंक्शन) लावलात की एक पैसा गेला. मजकूरच टिंबाशी तोडा, उजवा भाग पॅडएंडने (शेवटी शून्य जोडून) दोन आकडी करा (‘३८.५’ म्हणजे ५० पैसे, ५ नव्हे) आणि सगळं पूर्णांक पैशांत साठवा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार, लगेच बदलतो. एक राहिलं: जुने लोक ‘३८-५०’ लिहितात. ते टिंब धरू का?

प्रतिसाद १
दराच्या रकान्यात धरा, आणि सेव्ह करण्याआधी ‘३८ रुपये ५० पैसे’ असं दाखवून होकार घ्या. लिटर आणि फॅटमध्ये अजिबात नको.