हृत्स्नायुदाह म्हणजे ॲसिडिटी नव्हे, हे कसं सांगायचं?

मिरजवाली: एका रुग्णालयाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. अर्धकच्चं चिकन किंवा न तापवलेलं दूध पोटात गेलं, की कॅम्पिलोबॅक्टर या जंतूने जुलाब होतात (याला मी ‘विषबाधा’ लिहिलंय); मग क्वचित एखाद्याच्या काही दिवसांत छातीत दुखायला लागतं. हा मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचं इन्फ्लमेशन. मी ‘हृद्स्नायुदाह’ लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, “दाह ना? मग थंड दूध प्यायचं.” आता काय करू?

वाईकर: आधी हृद्स्नायु नव्हे, हृत्स्नायु. पुढे कठोर व्यंजन आहे. आणि ‘शोथ’ लिहा, आयुर्वेदातला शब्द आहे.

माणदेशी: शोथ म्हटलं की आमच्याकडं ‘कशाचा शोध?’ विचारतील. सरळ ‘काळजाला सूज’ म्हणा की.

कृष्णाकाठ: मटणाच्या दुकानात काळीज मागून बघा, यकृत मिळतं!

विश्रामबागेतला डॉक्टर: ‘सूज’ वाचून नातेवाईक ‘हार्ट मोठं झालंय’ म्हणत येतात. लाली, सूज, उष्णता, वेदना ही इन्फ्लमेशनची चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलीत. त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच पेटणं, म्हणजे ‘दाह’ चूक नाही. खरा घोळ पुढे होतो. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, ईसीजी बदललेला, घरचे अटॅक समजून हादरलेले. अँजिओग्राफीत मात्र रक्तवाहिन्या मोकळ्या. बहुतेक तरुण मुलगे. बरेही होतात, पण तीन ते सहा महिने पळणं, जिम, तालीम बंद. तेवढं ठळक छापा, नाव काहीही ठेवा.

वाईकर: ‘काहीही ठेवा’ म्हणूनच भाषेची ही गत झाली.

माणदेशी: ते ‘विषबाधा’ पण काढा. भगरीच्या बातमीत ठीक, नाहीतर पंचनामाच आठवतो. इथं तर जंतू आहेत. आमची आजी नुसतं ‘बाधलं’ म्हणायची.

कृष्णाकाठ: बाधलं म्हणजे बाहेरचंही असतं हो, लिंबू उतरवतील. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हा काही नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर निघाला होता. पेपरांनी ‘जीबीएस’च छापलं, चार दिवसांत रिक्षावाल्यांच्याही तोंडी बसलं. मायोकार्डायटिस तसाच राहू द्या.

मिरजवाली: बरं. पण जुलाब लिहू की अतिसार?

माणदेशी: हगवण!

वाईकर: हगवण वासरांना लागते.

माणदेशी: दहिवडीत माणसांनाबी लागती. या एकदा.